प्रार्थनांचे संगीतकार : कै. वसंत देसाई

आपल्या ज्ञातीच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभाचा आरंभ बहुधा प्रार्थनेने होतो. दीपप्रज्वलन होते, अध्यक्ष आसनस्थ होतात, आणि आपली मुलेमुली व्यासपीठावर रांगेने उभी राहून हात जोडून गाऊ लागतात. ही प्रार्थना अनेकदा एका हिंदी चित्रपटातील असते. ती 'दो आँखे बारह हाथ' या चित्रपटातील नसली, तर 'गुड्डी' या चित्रपटातील असते. या दोन्ही प्रार्थना देशभर असंख्य शाळांतून म्हटल्या जातात. मात्र या दोहोंना चाल देणारा संगीतकार एकच होता, हे सभागृहातील किती जणांस ठाऊक असते? त्या संगीतकाराचे नाव कै. वसंत देसाई. ते गेले त्याला अर्धशतक होऊन गेले. त्यांचे सूर घरोघरी आहेत, नाव मात्र मागे पडत चालले आहे. म्हणूनच त्यांचे अल्पचरित्र व त्यांच्या उत्तमोत्तम कृतींचा परिचय या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

आपली स्मरणिका ज्ञातीची असली तरी थोरांच्या स्मरणास ज्ञातीची सीमा घालण्याची आपली रीत नाही. ज्याच्या सुरांनी सर्वांची सकाळ मंगल केली, तो सर्वांचाच आप्त होय. शिवाय खेड्यातून निघालेल्या, पाठीशी कोणी मोठा नसलेल्या तरुणाने आपला मार्ग कसा शोधावा, याचा वस्तुपाठही या चरित्रात आहे.

वसंत देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील कुडाळजवळच्या सोनवडे या गावी झाला. हा भाग आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो. दशावतारी खेळ, देवळातली भजने आणि आरत्या यांनी वर्षभर निनादणारा हा मुलूख आहे. येथे गाणे ही केवळ दिवाणखान्यातील वस्तू नसून देवाच्या दारची, चारचौघांत मिळून म्हणण्याची गोष्ट आहे. पुढे वसंतरावांनी मोठमोठ्या उस्तादांना आपल्या वाद्यवृंदात आणले, तरी त्यांच्या चालीतले हे चौघांत मिसळून जाणारे देवळातले गाणे कधी आटले नाही. त्यांच्या संगीताचे मूळ शोधावयाचे तर ते या कोकणी मातीतच सापडेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कुडाळच्या परिसरातून ते कोल्हापुरास आले. त्या काळी कोल्हापूर हे मराठी कलांचे माहेरघर होते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तेथे गाणे, कुस्ती आणि नाटक यांना बहर आला होता आणि बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा पाया घातला होता. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी सतरा वर्षांचे वसंत देसाई प्रभातमध्ये दाखल झाले. त्यांना हवे होते ते पडद्यावर झळकणे, आणि 'खुनी खंजीर' (१९३०) या मूकपटात त्यांनी भूमिकाही केली. परंतु कंपनीत पडेल ते काम करावयाचे, अशी तेव्हाची शिस्त होती. वसंतरावांनी कोणतेही काम हलके मानले नाही.

इतक्यात चित्रपटाला वाचा फुटली. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते व हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच होती. तरुण वसंतरावांनी या बोलपटात छोटी भूमिका करून गाणेही म्हटले. त्या दिवसांत पार्श्वगायनाची सोय नव्हती. नट प्रत्यक्ष गात असे, आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर दडून बसलेले साजिंदे त्याला साथ करीत. एक चूक झाली की सारे पुन्हा पहिल्यापासून! अशा कारखान्यात ज्याचे शिक्षण झाले, त्याला चित्र आणि सूर यांचा सांधा कोठे जुळतो हे निराळे शिकवावे लागले नाही.

१९३३ साली प्रभातचे बिऱ्हाड पुण्यास हलले. पुढील काही वर्षांत वसंतरावांना गुरुस्थानी लाभले ते तीन थोर पुरुष. गोविंदराव टेंबे हे 'मानापमाना'च्या चालींचे जनक आणि संवादिनीचे असामान्य वादक. केशवराव भोळे हे भावगीताचे मर्मज्ञ. शब्द स्पष्ट उमटला पाहिजे आणि सुराने अर्थाला ओलांडून जाता कामा नये, हा त्यांचा कटाक्ष. 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'कुंकू' (१९३७) हे त्यांच्या संगीताचे आदर्श. तिसरे मास्टर कृष्णराव. भास्करबुवा बखल्यांचा हा शिष्य रागदारीचा पक्का, पण 'माणूस' (१९३९) व 'शेजारी' (१९४१) या चित्रपटांत त्याच रागदारीला बोलीभाषेची सहजता देणारा. या तिघांच्या हाताखाली वसंतरावांनी उमेदवारी केली. पहिल्यापासून नाट्यपदाची झेप, दुसऱ्यापासून शब्दाची निष्ठा आणि तिसऱ्यापासून रागाचा मोकळेपणा त्यांनी उचलला, असे त्यांच्या पुढील कृती ऐकताना स्पष्ट जाणवते. १९२९ ते १९४२ ही तेरा वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या सावलीत काढली. आजच्या अधीर काळात ही तेरा वर्षे तरुणांनी विशेष ध्यानात ठेवावीत. ती वाया गेली नाहीत. पुढे जे उभे राहिले, त्याचा पाया या वर्षांतच घातला गेला.

१९४२ साली व्ही. शांताराम प्रभात सोडून मुंबईस आले आणि परळ येथे त्यांनी राजकमल कलामंदिर ही संस्था उभारली. वसंत देसाई त्यांच्यासमवेत गेले. राजकमलचा पहिलाच चित्रपट 'शकुंतला' (१९४३). कालिदासाच्या आश्रमातील वातावरण सुरांनी उभे करण्याचे काम वसंतरावांकडे आले व ते त्यांनी निभावले. या चित्रपटाने त्यांचे नाव देशभर झाले. त्यामागून 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) आला. चीनच्या युद्धभूमीवर रुग्णसेवा करता करता देह ठेवणाऱ्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची ही कथा. मास्टर विनायक यांच्या 'सुभद्रा' (१९४६) या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. लता मंगेशकर यांचा आवाज अद्याप चित्रसृष्टीत स्थिरावलाही नव्हता, अशा दिवसांत वसंतरावांनी त्यांना येथे गावयास लावले.

आता त्यांच्या ज्या कृती प्रत्येक कुटुंबाने अवश्य ऐकाव्यात, त्यांकडे वळू. प्रथम मराठी चित्रपट घेऊ. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) ही उत्तर पेशवाईतील सोलापूरच्या शाहिराची कथा. रामजोशी एकीकडे तमाशाच्या फडावरचे लावणीकार, तर दुसरीकडे कीर्तनाच्या परंपरेत वाढलेले व्युत्पन्न ब्राह्मण. त्यामुळे संगीतकारापुढे दोन रस्ते होते. लावणी सभ्य करून तिचा कणा मोडावा, किंवा ती उथळ करून टाळ्या मिळवाव्यात. वसंतरावांनी दोन्ही टाळले. जयराम शिलेदार यांच्या पल्लेदार आवाजातून लावणी तिच्या अस्सल ठसक्यानिशी उभी राहिली. ढोलकी-तुणतुण्याला चित्रपटात प्रतिष्ठा मिळाली, आणि घरातील वडीलधाऱ्या मंडळींसमवेत बसून ऐकावी अशी ती झाली.

त्यानंतर 'अमर भूपाळी' (१९५१). शाहीर होनाजी बाळा यांच्या जीवनावरील हा चित्रपट. होनाजी गवळी आणि त्याचा मित्र बाळा शिंपी. दोन निराळ्या ज्ञातींची ही माणसे एकाच नावाने अमर झाली, हे आपणा साऱ्यांना मननीय आहे. त्यांच्या सुप्रसिद्ध भूपाळीला वसंतरावांनी जी चाल दिली, ती पंडितराव नगरकर व लता मंगेशकर यांच्या आवाजात आजही पहाट घेऊन येते. त्या चालीत करामत नाही. भूप रागाचे पाचच स्वर आहेत, आणि ते उजाडत जाणाऱ्या आकाशाप्रमाणे हळूहळू उलगडतात. प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा, की लहान मूलही ही चाल दोन वेळा ऐकून गुणगुणू लागते आणि गायनाचा अभ्यासक मात्र तिच्यातील एकही स्वर हलवू शकत नाही. साधेपणा आणि पूर्णता यांचा असा मिलाफ दुर्मीळ होय. याच चित्रपटातील लटक्या चालीची लावणी लगेच पुढे ऐकावी, म्हणजे एकाच हाताने देव्हारा आणि बैठक दोन्ही कशी सजविली हे ध्यानी येईल.

तिसरी कृती 'श्यामची आई' (१९५३). साने गुरुजींचे पुस्तक, आचार्य अत्रे यांचे दिग्दर्शन, आणि कोकणातील बाळपणाची कथा. राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान १९५४ साली याच चित्रपटास मिळाला. या कथेला संगीत देताना वसंतरावांना आपलेच घर आठवले असेल. कृष्णाच्या बोटाला चिंधी हवी होती तेव्हा द्रौपदीने आपला भरजरी पीतांबर फाडून दिला, ही कथा सांगणारे आशा भोसले यांनी गायिलेले गीत ऐकावे. कोकणातील एखादी आजी ओटीवर बसून नातवंडांना गोष्ट सांगते आहे, एवढीच त्या चालीची ऐट. वाद्यमेळ मागे राहतो आणि शब्द पुढे येतो. आई मुलावर संस्कार करते ते उपदेशाने नव्हे, गोष्टीने व गाण्याने. हे या एका चालीने जितके पटते तितके दहा व्याख्यानांनी पटत नाही. आपल्या घरी लहान मुले असतील तर वसंतरावांची ओळख येथूनच करून द्यावी.

हिंदी चित्रपटांत पहिला मान 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या चित्रपटास द्यावा लागेल. कथ्थक नृत्याच्या साधनेची ही रंगीत कथा. नृत्यप्रधान चित्रपटात संगीत नुसते ठेक्याचे गुलाम होण्याचा धोका असतो. वसंतरावांनी येथे शास्त्रीय संगीतातील अव्वल माणसे बोलावली. शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँ यांनी अडाणा रागात गायिले. तबल्यावर पंडित सामता प्रसाद होते. शिवकुमार शर्मा या तेव्हाच्या अगदी तरुण कलावंताचे संतूर याच चित्रपटातून रसिकांच्या कानी आले. त्या काळी संतूर हे काश्मीरबाहेर फारसे कोणास माहीत नव्हते. लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे मालगुंजी रागातील द्वंद्वगीत आणि मीरेचे भजन ही या चित्रपटातील इतर रत्ने. ज्यांना शास्त्रीय संगीत कठीण वाटते, त्यांनी आधी हे द्वंद्वगीत ऐकावे आणि मग शीर्षकगीत. दरवाजा आपोआप उघडतो.

दोन वर्षांनी 'दो आँखे बारह हाथ' (१९५७) आला. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या मुक्त तुरुंगाच्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकर यांना ही कथा सुचली. सहा खुनी कैद्यांना भिंतीबाहेर नेऊन त्यांच्याकडून उजाड जमीन पिकविणारा एक तुरुंगाधिकारी हा तिचा नायक. बर्लिनच्या महोत्सवातही हा चित्रपट गौरविला गेला. या कथेत एक प्रार्थना हवी होती. ती विद्वानाच्या तोंडी नव्हे, तर ज्यांच्या हातांना रक्त लागले आहे अशा माणसांच्या तोंडी शोभावयास हवी होती. गीत भरत व्यास यांचे. या ठिकाणी मोठा राग, कठीण तान, चमकदार मुखडा यांपैकी काहीही चालले नसते. वसंतरावांनी अशी चाल दिली की जिला गळा लागत नाही. तिचा आवाका लहान आहे, पावले सावकाश पडतात, आणि प्रत्येक ओळीच्या अखेरीस दम घेण्यास जागा आहे. लता मंगेशकर यांच्या आवाजात ती एकटीची आर्जव वाटते. चित्रपटाच्या अखेरीस मन्ना डे व समूहाच्या आवाजात तीच सर्वांची होते. म्हणूनच ती चित्रपटगृहातून निघाली आणि शाळांच्या पटांगणांत जाऊन राहिली. ज्यांना सूर सापडत नाही तेही ती म्हणू शकतात. हे संगीतकाराचे उणेपण नव्हे, ते त्याचे औदार्य होय.

'गूँज उठी शहनाई' (१९५९) ही विजय भट्ट यांची कृती. नायक सनईवादक असल्याने सनई हीच येथे नायकाचा आवाज. त्यासाठी वसंतरावांनी साक्षात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई चित्रपटात आणली. सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासमवेत तिची जुगलबंदीही योजिली. बिहाग रागातील लता मंगेशकर यांचे गीत आणि भैरवीतील विरहगीत ही दोन्ही ऐकावीत. लग्नघरी दारात वाजणारी सनई ही आपल्या सर्वांच्या परिचयाची. परंतु ती मंगलवाद्य असूनही मनुष्याचे दुःख किती खोल सांगू शकते, हे सर्वसामान्य श्रोत्याला या चित्रपटाने दाखविले.

येथवर वाचकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. इतके सारे ज्याने दिले, त्याचे नाव समकालीन लोकप्रिय संगीतकारांच्या पंक्तीत पुढे का घेतले जात नाही? विचार करता तीन कारणे दिसतात. पहिले असे, की त्यांच्या कीर्तीचा मोठा भाग शांतारामांच्या चित्रपटांशी जोडलेला आहे, आणि तेथे दिग्दर्शकाची मुद्रा इतकी ठळक की श्रेय बहुधा तिकडेच जाते. दुसरे कारण हे की एकच ठराविक धाटणी धरून ती पुनःपुन्हा विकण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. लावणी करताना ते शाहीर झाले, भूपाळी करताना वैष्णव, कथ्थक करताना दरबारी. संगीतकाराची छाप ओळखू येण्यास एकसारखेपणा लागतो, आणि तो त्यांच्यापाशी नव्हता. तिसरे कारण सर्वांत नाजूक आहे. प्रार्थनेला कर्ता चिकटत नाही. ती जितकी यशस्वी होते, तितकी ती सर्वांची होते आणि करणारा तितकाच दिसेनासा होतो.

अर्थात त्यांचे सारेच काम समान उंचीचे होते, असा दावा करणे अतिशयोक्तीचे ठरेल. चरितार्थासाठी स्वीकारलेले काही चित्रपट विस्मृतीत गेले व त्यांबरोबर त्यांतील संगीतही गेले. सोहराब मोदींच्या 'झांसी की रानी' (१९५३) सारख्या भव्य चित्रपटाचे भाग्यही फारसे उजळले नाही. शांतारामांनी 'नवरंग' (१९५९) करताना संगीत सी. रामचंद्र यांच्याकडे सोपविले, आणि ते अतिशय गाजले. एखाद्याने अशा वेळी खचून जावे. वसंतराव दुसऱ्या अंगणात कामाला लागले.

ते अंगण म्हणजे मराठी रंगभूमी. संगीत नाटकाचा काळ संपला अशी हाकाटी होत असता विद्याधर गोखले यांच्या लेखणीने आणि भालचंद्र पेंढारकर यांच्या ललितकलादर्श या संस्थेने त्याला नवी उभारी दिली. 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०) आणि 'जय जय गौरीशंकर' (१९६६) या नाटकांची पदे वसंतरावांच्या चालींनी घुमली. गोविंदराव टेंब्यांच्या हाताखाली जे ऐकले होते, ते तीस वर्षांनी असे फळास आले. बाळ कोल्हटकर यांच्या 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी त्यांनी कुमार गंधर्व यांच्यासमवेत एका अपरिचित गायिकेचा आवाज योजिला. त्या गायिका म्हणजे वाणी जयराम. दक्षिणेतून आलेल्या या गायिकेचा गळा वसंतरावांनी पारखला आणि पुढे तिला चित्रपटात संधी दिली.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर आलेल्या 'छोटा जवान' (१९६३) या मराठी चित्रपटातील माडगूळकरांचे समरगीतही वसंतरावांचेच. मुलांनी कवायतीच्या मैदानावर म्हणावे आणि ऐकणाऱ्याची मान ताठ व्हावी, अशी ती चाल. आणि यानंतर तीनच वर्षांनी, २३ ऑक्टोबर १९६६ रोजी, न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात श्रीमती एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी एक संस्कृत मंगलगीत गायिले. रचना कांचीचे शंकराचार्य श्री चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांची होती. मैत्री करा, युद्ध टाका, असा त्याचा सर्व राष्ट्रांना संदेश. त्याला चाल दिली होती वसंत देसाई यांनी. सोनवड्याच्या देवळापाशी ज्याचे कान घडले, त्याची चाल कांचीच्या आचार्यांच्या शब्दांना घेऊन जगाच्या सभेत उभी राहिली. समरगीत आणि शांतिगीत दोन्ही एकाच हातची. आणि दोन्हींत खोटा सूर नाही.

उत्तरायुष्यातील तीन चित्रपट विशेष उल्लेखनीय आहेत. 'यादें' (१९६४) या चित्रपटात पडद्यावर वावरणारे पात्र जवळजवळ एकटे सुनील दत्त यांचे. तेथे पार्श्वसंगीताला दुसऱ्या पात्राचे काम करावे लागले. हृषिकेश मुखर्जी यांच्या 'आशीर्वाद' (१९६८) मध्ये अशोककुमार यांनी स्वतः म्हटलेले आगगाडीचे बालगीत आहे. त्यात चाल जवळजवळ नाहीच. आगगाडीची चाकेच गातात, आणि ऐकणारे बालक डब्यात बसल्यासारखे डोलू लागते. आपले पांडित्य बाजूस ठेवून मुलांसाठी केवळ लय देणे, हेही मोठ्या संगीतकारालाच साधते. तिसरा 'गुड्डी' (१९७१). यात वाणी जयराम यांनी मियाँ की मल्हार रागावर आधारलेले पावसाचे गीत गायिले आणि त्या एका रात्रीत देशभर परिचित झाल्या. लोकप्रियता आणि शास्त्रशुद्धता यांचे वैर नाही, हे एकोणसाठ वर्षांच्या वसंतरावांनी पुन्हा एकदा सिद्ध केले. शाळेच्या पटांगणावरची ती दुसरी प्रार्थनाही याच चित्रपटातील. मनाचे बळ मागणारी ही प्रार्थना गुलजार यांनी लिहिली. दुसऱ्यावर जय मिळविण्याआधी स्वतःवर जय मिळवावा, हा तिचा आशय. पुढे गुलजार यांच्याच 'अचानक' (१९७३) या चित्रपटात एकही गाणे नव्हते. तेथेही पार्श्वसंगीत वसंतरावांचे होते. गाणे नसताना संगीत काय करू शकते, हे पाहावयाचे असेल तर हा चित्रपट पाहावा.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत दिवसभर ध्वनिमुद्रणाचे काम आटोपून वसंत देसाई घरी परतले. राहत्या इमारतीतच लिफ्टच्या भीषण अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे त्रेसष्ट. हाताशी काम होते, नव्या दिग्दर्शकांचा विश्वास होता, आणि नवे आवाज त्यांच्या पारखीची वाट पाहत होते. त्यांनी संगीत दिलेला 'शक' हा चित्रपट त्यांच्या मागे १९७६ साली प्रकाशित झाला. ज्याने आयुष्यभर ताल सांभाळला, त्याच्या आयुष्याची सम अशी अवचित चुकावी, हे दैवाचे क्रौर्य होय.

वसंतरावांचे संगीत ऐकू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी एक साधा क्रम सुचवावासा वाटतो. मुलांसाठी 'श्यामची आई' व 'आशीर्वाद' यांतील गाणी. पहाटेसाठी 'अमर भूपाळी'. घरात कोणी गाणे शिकत असेल तर 'झनक झनक पायल बाजे', 'गूँज उठी शहनाई' आणि 'गुड्डी' हे तीन चित्रपट मिळून रागसंगीताची उत्तम प्रवेशिका होतात. ज्येष्ठांनी 'पंडितराज जगन्नाथ'ची पदे पुन्हा काढावीत. आणि सर्वांनी एकत्र बसून 'दो आँखे बारह हाथ' पाहावा. कारण त्यातील प्रार्थना कोणासाठी लिहिली गेली हे कळले, की ती म्हणताना मुलांचा स्वर बदलतो. अपराध्यालाही सज्जन होण्याचा हक्क आहे, हे तिच्या पोटात दडलेले आहे.

शेवटी एक नम्र विनंती. पुढील गुणगौरव समारंभात आपली मुले प्रार्थनेस उभी राहतील, तेव्हा सूत्रसंचालकांनी गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव घ्यावे. त्यास क्षणभर वेळ लागतो, खर्च काहीच नाही. आपण आपल्या कुळातील पूर्वजांची नावे पिंडदानाच्या वेळी तीन पिढ्यांपर्यंत घेतो. ज्यांनी आपल्या मुलांच्या ओठी मांगल्य ठेवले, त्यांचे नाव वर्षातून एकदा तरी घेणे हे आपले कर्तव्य नव्हे काय? मोठा कलावंत स्वतःसाठी नाव मागत नाही. त्याची चाल म्हटली जाते, एवढ्यात तो संतुष्ट असतो. परंतु ऋण घेणाऱ्याने धनकोचे नाव विसरू नये, हा आपल्या घराघरांतील संस्कार आहे. कै. वसंत देसाई यांचे ऋण फेडण्याजोगे नाही. ते स्मरणात ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.